मल्हारीनानांची बजावणी

मल्हारीनाना जप्तीचं वारंट घेऊन कुणाच्या दारात गेले की आधी हाळी द्यायचे, "जेवणं झाली का?" झाली नसतील तर ओट्यावर बसून राहायचे. आतून भाकरी थापल्याचा आवाज यायचा आणि बाहेर आम्ही माश्या मारत बसायचो. मला राग यायचा. परतूरच्या मुन्सफी कचेरीत मी कारकून होतो आणि ते नाजर, म्हणजे कोर्टाच्या निकालांची बजावणी करणारे. जेवणासाठी थांबायचं कायद्यात कुठं लिहिलंय, असं मी एकदा विचारलंच. नाना म्हणाले, "जप्ती मालाची असती, तोंडातल्या घासाची न्हाई."

निजामाची अमदानी होती. नाना धनगराच्या घरचे. वडील मेंढरं घेऊन गोदाकाठानं हिंडायचे. नाना मात्र मौलवींकडे उर्दू शिकले, कोर्टात शिपाई म्हणून लागले आणि चढत चढत नाजर झाले. अंगानं काटक, डोक्याला पटका, चालणं असं की मी वयानं लहान असूनही मागून धापा टाकत यायचो. निकाल लागला, मुन्सफांची सही झाली की काम संपलं, अशी माझी समजूत. त्यावर त्यांचं ठरलेलं उत्तर असे, "डिगरी म्हंजे लगीन ठरलं इतकंच. नवरी घरी यायचीच हाय अजून."

मला ते पटलं कोंडिबाच्या बैलांपायी. परतूरपासून दोन कोसांवर कोंडिबाचं शेत. मुंबईच्या एका कापूस कंपनीच्या लॉरीनं वळणावर त्याची बैलगाडी उडवली. एक बैल जागीच गेला, दुसरा चार दिवसांनी. आमच्या कोर्टानं बैलांची किंमत देण्याची डिक्री केली. कंपनी ढिम्म. लॉरी तर निकालाआधीच सरहद्दीपार गेली होती. मुंबई म्हणजे इंग्रजांचा मुलूख, तिथं आमच्या डिक्रीला कुणी विचारत नव्हतं. नव्यानं दावा लावायचा, तोही इंग्रजीतून, आणि कोंडिबानं जालन्यापलीकडे पाऊल टाकलेलं नव्हतं.

साहेबासमोर कोंडिबाचं तोंड उघडत नसे, म्हणून दर बाजारच्या दिवशी त्याची बायको पारूबाई कचेरीत यायची. दोन वर्षं त्यांनी शेजाऱ्याचे बैल मागून पेरणी केली होती, तीही त्याची उरकल्यावर. आता तोच शेजारी जमीन बटईनं, म्हणजे पिकाच्या वाट्यावर कसायला, मागत होता आणि होळीपर्यंत जबाब द्यायचा होता. "एकदा बटईनं गेली की आपल्याच बांधावर उभं ऱ्हायाला दुसऱ्याला इचारावं लागतं," ती म्हणायची. "नाजरसाहेब, बैल येतील का न्हाई, तेवढं बराबर सांगा."

"होळी लांब हाय अजून," नाना म्हणायचे. खरं तर ती महिन्यावर आली होती.

स्टेशनाजवळच्या शेडमध्ये कंपनी रुईच्या गाठी बांधून मुंबईला धाडायची. वारंट घेऊन आम्ही तिथं गेलो, पारूबाईही आली. मुनीम मोठा गोड माणूस. त्यानं कागदांचं बाडच पुढं ठेवलं. शेड भाड्याची, काटा अडत्याचा, गाठी व्यापाऱ्यांच्या, मुंबईत पोचल्यावर कंपनी त्या घेणार. बसायची गादीसुद्धा मागून आणलेली. "नाजरसाब, इथं आमचं बिलकुल काही नाही. डिक्री घेऊन मुंबईला जा ना," तो म्हणाला. नानांनी एकेक वस्तू शांतपणे पंचनाम्यात लिहिली, पुढं 'कंपनीची नाही' असं लिहिलं आणि खाली मुनीमाची सही घेतली. मी मनात कपाळाला हात लावला.

मग नाना गाठींकडे वळले. एक हमाल काळा रंग कालवून, अक्षरं कोरलेला पत्रा पहिल्या गाठीवर टेकवत होता. त्या पत्र्यावरून कुंचला फिरवला की गाठीवर कंपनीचं नाव उमटायचं.

"हा पत्रा कुणाचा?" नानांनी विचारलं.

"तो कंपनीचा. आमचं नाव दुसऱ्याच्या हातात देऊ का आम्ही?" मुनीम ऐटीत म्हणाला.

नानांनी तेही लिहिलं. पत्रा फडक्यात गुंडाळून लाखेचं सील केलं आणि किंमत टाकली, निजामी नाण्यातले सहा आणे हाली. मुनीम हसला. खोटं कशाला बोलू, मलाही हसू आलं. पारूबाईचा चेहरा मात्र पडला.

"मुनीमजी, आमच्यात मेंढरू कुणाचं ते अंगावरच्या गेरूवरनं ठरतं," नाना म्हणाले. "आता नवा पत्रा करा, गाठीवर नाव घाला. नाव पडलं की माल कंपनीचा झाला, मंग मी गाठीच उचलतो. नाव न घालता धाडायच्या तर खुशाल धाडा."

बिननावाची गाठ मुंबईच्या गोदामात कुणी आत घेत नसे. गाठी आपल्या नाहीत हे तर मुनीमानं सही करून दिलं होतं. त्याचं हसू तिथंच विरलं. नानांनी शेडच्या दारात शिपाई बसवला आणि आम्ही परत आलो.

मागवलेल्या मालगाडीच्या वाघिणी स्टेशनात रिकाम्या उभ्या, त्यांचा खर्च रोज चढतोय. तिसऱ्या दिवशी मुनीम तारघरात दिसला आणि पाचव्या दिवशी स्वतः कचेरीत येऊन सगळी रक्कम भरून गेला. नानांनी पत्रा पुसून त्याच्या हातात दिला आणि चहा मागवला. "तुमची बी नोकरी, आमची बी नोकरी. च्या घ्या," ते म्हणाले. मुनीम खाली मान घालून चहा प्याला.

पारूबाई पैसे घेऊन गेली. 'रक्कम वसूल' असं लिहून मी वारंट सहीसाठी नानांपुढं ठेवलं, तर त्यांनी ते घडी करून खिशात घातलं. आठवडा गेला, दुसरा गेला, होळीही झाली. औरंगाबादहून तपासणी यायची होती आणि माझी फाईल अर्धी. मी कुरकुर करत राहिलो. एका सकाळी नाना म्हणाले, "चला."

दोन कोस उन्हातून तुडवत आम्ही कोंडिबाच्या शेतावर पोचलो. एक पांढरा आणि एक कबरा, अशी नवी जोडी वखर ओढत होती. नाना बांधावर उभे राहिले. जोडी वळून परत येईपर्यंत त्यांनी नजर हलवली नाही. मग खाली बसून मांडीवर कागद ठेवला आणि सही केली.

पारूबाई पाण्याचा तांब्या घेऊन आली. "नाना, पैशे तर तवाच भेटले. आज उन्हातान्हाचं कशापायी आलात?"

"पैशे गेल्ते का तुमचे?" नाना म्हणाले. "बैल गेल्ते."

मी ओशाळलो. इतकी वर्षं मी कागद मोजत होतो आणि तो माणूस काय मोजत होता, हे मला त्या बांधावर कळलं. त्यांच्याबद्दल मला इतकी माया आजवर कधी वाटली नव्हती.

चार वर्षांनी नाना अल्पशा आजारानं गेले आणि नाजरची खुर्ची माझ्याकडं आली. त्यांच्या मेजाचा खण आवरताना एक वारंट निघालं. दावा वडीगोद्रीच्या एका बाईच्या मोटेचा होता. रक्कम केव्हाच वसूल झाली होती, सही तेवढी राहिली होती. मी दौत पुढं ओढली, मग पुन्हा बाजूला सारली, चपला घातल्या आणि वडीगोद्रीच्या वाटेला लागलो.