थोडी कसर

वडील माझ्याकडे नांदेडला राहायला आले तेव्हा पहिल्याच दिवशी मी एक वही केली. डाव्या बाजूला डॉक्टरांचा शब्द, उजवीकडे त्याचा अर्थ. क्रॉनिक म्हणजे जुनाट. गंभीर असेलच असं नाही. ॲक्यूट म्हणजे अचानक उठलेलं. इडिमा म्हणजे सूज. फास्टिंग म्हणजे उपाशीपोटी, आणि त्यात चहासुद्धा चालत नाही. हे शेवटचं खास वडिलांसाठी लाल शाईने लिहिलं होतं. नात्यात कुणाचाही रिपोर्ट आला की त्याचा फोटो आधी माझ्या मोबाइलवर येतो, आणि मला ते आवडतं, हे कबूल करते.

वडिलांना या वहीचं काहीच कौतुक नव्हतं. भोकरजवळच्या गावात ते एकटे राहत. तीन-चार महिन्यांत अंगावरचे कपडे सैल झाले, म्हणून मी त्यांना घेऊन आले. शुगर, थायरॉइड, बीपी, सगळं तपासून घेतलं. नॉर्मल. रोज सकाळी सात वाजता मी त्यांना थर्मामीटर लावून आकडा लिहायचे. तोही नॉर्मल. "कसं वाटतंय?" विचारलं की उत्तर एकच, "बरं हाय."

संध्याकाळी लातूरहून धाकट्या बहिणीचा फोन आला की हेच वडील अर्धा अर्धा तास बोलत. बहिणीचं तिथे शिवणकामाचं दुकान आहे. मशीन चालवता चालवता ती बोलते. औषधांची नावं तिला धड येत नाहीत. पॅरासिटामॉलला ती अजून 'तापाची पांढरी' म्हणते. पथ्याचा स्वयंपाक करणारी मी, रांगेत नंबर लावणारी मी, आणि गप्पा तिच्याशी. लहानपणी जत्रेत वडिलांच्या खांद्यावर तीच बसायची, मी खाली पिशवी धरून चालायचे. पन्नाशी आली तरी तो खांदा मी विसरलेले नाही.

एका संध्याकाळी कणीक मळताना ऐकलं. वडील फोनवर म्हणत होते, "बाकी समदं बरं हाय माय. थोडी कसर हाय, बस."

माझा हात थांबला. माझ्या करण्यात कसर, आणि ती लातूरला कळवली जातेय! दुसऱ्या दिवसापासून मी कंबर कसली. नवी गादी आणली. रोज डाळिंब, दुधात खारीक, पायाशी जाड रग. वडील गोंधळून बघत राहिले.

"एवढं कशाला करून राहिलीस?"

"काही कमी पडायला नको," मी म्हणाले.

त्यांना टोमणा कळला नाही. मलाही काही कळलं नव्हतं.

पुढे त्यांना दम लागायला लागला, तेव्हा छातीच्या डॉक्टरांची वेळ घेतली. बहीण आदल्या दिवशी, न बोलावता आली. डॉक्टरांसमोर खुर्च्या दोनच होत्या. एकीवर वडील, दुसरीवर फाइल मांडीवर घेऊन मी. ती दाराला टेकून उभी.

"ताप येतो?" डॉक्टरांनी विचारलं.

"नाही." मी तक्ता पुढे केला. "रोजची नोंद आहे."

"येतो की," मागून बहीण म्हणाली. "बाबा, सांगा ना. कसर हाय म्हणत होता न्हवं?"

डॉक्टर तरुण, पुण्याकडचे. "कसर म्हणजे?"

"ताप म्हणता येत न्हाई, पण अंग आतून कोमट. दिवेलागणीला चढतं, पहाटे घाम येऊन उतरतं. कव्हापासून बाबा?"

"लई दिस झाले. ज्वारी काढल्यापासून."

"पण सकाळी सातला कधीच नसतो," मी म्हणाले.

"अक्का, सातला कसा भेटंल? तो काय तुझ्या हाताखाली ड्युटीवर हाय?"

वडील हसले. माझ्या घरी आल्यापासून पहिल्यांदा हसले, तेही तिच्या बोलण्यावर.

डॉक्टर लिहू लागले, लो ग्रेड फिव्हर, इव्हनिंग राइज. दोन्ही शब्द माझ्या वहीत होते, अर्थासकट. कसर हा शब्द तर आईच्या तोंडून शेकडो वेळा ऐकलेला: "अंगात कसर हाय, आज शाळा नको." तो अर्थ नेमका त्या संध्याकाळी मला आठवला नाही, कारण फोनवर बहीण होती.

एक्स-रेत छातीत पाणी दिसलं. सुईने काढून तपासायला पाठवलं. टीबीचा संशय होता. दोन दिवस मी देवापाशी निगेटिव्ह मागत होते. वडिलांसाठी मागत होते, हे खरं. पण त्यात बहीण चुकीची ठरावी हेही मागणं होतं, आणि ते किती होतं हे मला आजही सांगता येणार नाही.

रिपोर्ट पॉझिटिव्ह आला. नायगावच्या काकांचा फोन आला.

"काय निघालं?"

"पॉझिटिव्ह."

"चला, बरं झालं! मी तर घाबरूनच बसलो होतो."

एरवी मी लगेच चूक सुधारते. त्या दिवशी आधी हातातला रिपोर्ट पुन्हा एकदा वाचला. "काका, टीबीचे जंतू सापडले," मी म्हणाले. "आता नेमकं औषध सुरू होईल."

"मग मी काय म्हणलो?" काका म्हणाले.

गोळ्या सुरू करताना दवाखान्यातल्या बाईंनी कार्ड काढलं. सहा महिने, एकही दिवस चुकायचा नाही. रोज देणार कोण?

"बाबा लातूरला येतो म्हणले तर नेते मी," बहीण म्हणाली. मनापासून म्हणाली. मला वाटलं, वडील हो म्हणणार. मी फाइलच्या दोऱ्या बांधत राहिले.

"हिचं नाव लिव्हा," त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "धाकटी बोलत बसंल आन् गोळी इसरंल. ही काई इसरत न्हाई."

"हे बी खरं हाय," बहीण हसून म्हणाली.

मला आनंद झाला. घरी पोचेपर्यंत तो टिकला. मग लक्षात आलं की त्यांनी आम्हा दोघींत काय वाटून दिलंय.

दुपारी बहीण निघाली. डॉक्टरांनी जास्त चालू नका सांगितलं होतं, तरी वडील फाटकापर्यंत गेले. मी पायरीवरून बघत होते. रिक्षात बसता बसता ती काहीतरी म्हणाली. ते हसले, मग खोकले, मग पुन्हा हसले.

परत आल्यावर मी विचारलं, "काय म्हणत होती?"

"काई न्हाई," ते म्हणाले, आणि गोळ्यांसाठी हात पुढे केला.