एकाच सतरंजीवर

बायकोनं पक्षाचं काम सुरू केलं तेव्हा मी जवाहरनगरच्या कारखान्यात होतो. सरकारी नोकरी असल्यामुळे राजकारण माझ्या वाट्याला नव्हतं, ते घरात तिनंच केलं. अड्याळच्या आसपासच्या गावांत कुणाचं रेशनकार्ड अडलं, कुणाची सून बाळंतपणात अडली, की ही पदर खोचून निघायची. मी रिटायर होईपर्यंत आमच्या घरात स्वयंपाक कमी आणि बैठका जास्त झाल्या.

यंदा पंचायत समितीचा आमचा गण महिलेसाठी राखीव झाला. तिकीट हिलाच मिळणार हे शेंबडं पोरही सांगत होतं. हिला मात्र खात्री वाटत नव्हती. ‘एक डाव पक्षानं आपलं नाव घेतलेलं पाहाचं हाय,’ एवढंच ती मला म्हणाली होती. इतक्या वर्षांत तिनं पक्षाकडे मागितलेली ही पहिली गोष्ट.

पण पक्षात तेव्हा जुने आणि नवे असे दोन तट पडले होते. जुन्यांची तिकिटं नेत्याच्या अंगणात, पान जमवता जमवता ठरत. नव्यांना सगळं उघड्यावर, कार्यकर्त्यांच्या मतानं हवं होतं. मला नव्यांचं म्हणणं पटत होतं. फक्त ते म्हणायला त्यांना तीन-तीन तास लागत, आणि तेवढा वेळ चहा आमच्या घरचा.

शेवटी कारध्याच्या सभागृहात बैठक ठरली. नव्यांनी पद्धत काढली: दोन सतरंज्या अंथरायच्या, हिचं नाव मान्य असेल त्यानं खिडकीकडच्या सतरंजीवर बसायचं, नसेल त्यानं दाराकडच्या. जुन्यांनी हसत हसत मान डोलावली. मी मागच्या भिंतीशी उभा राहून बघत होतो. सगळेच्या सगळे खिडकीकडे जाऊन बसले. जागा पुरेना, म्हणून काही जण फरशीवर टेकले. दाराकडची सतरंजी रिकामीच. हिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि मला वाटलं, झालं एकदाचं.

तेवढ्यात नव्यांच्या म्होरक्याच्या डोक्यात किडा वळवळला. जुने इतक्या सहज कसे बसले? नक्कीच आतून काही ठरलंय. तो उठला. प्रक्रिया संशयास्पद आहे, म्हणाला, आणि त्याची माणसं त्याच्यामागून दाराकडच्या सतरंजीवर गेली. हे पाहून जुन्यांचा पुढारी भडकला. आम्ही बसलो तेच यांना खुपतं, तर आम्हाला तरी काय गरज पडली आहे, असं म्हणून तो आपली माणसं घेऊन चपला घालायला बाहेर पडला. खिडकीकडच्या सतरंजीवर ही एकटी उरली. मी कपाळावर हात मारला, दुसरं करणार काय?

जिल्ह्याहून आलेल्या निरीक्षकानं एकमत झालं नाही असं वर कळवलं. नुकत्याच दुसऱ्या पक्षातून आलेल्या एका ठेकेदाराच्या बायकोला तिकीट मिळालं. त्या बाईंना आमचा गण कुठून सुरू होतो हेसुद्धा विचारावं लागलं होतं.

दोन दिवसांनी नव्यांचा म्होरक्या सांत्वनाला घरी आला. तो बसतो न बसतो तोच जुन्यांचा पुढारी दारात. प्रचाराला बाया जमवायच्या होत्या, आणि त्या हिच्याशिवाय निघत नाहीत हे दोघांनाही ठाऊक होतं. दोघांनीही तेच सांगितलं: आम्ही तर तुमच्याच बाजूनं बसलो होतो, ताई, त्यांनीच घोळ घातला. मग माझ्यासमोर, माझ्याच खुर्च्यांवर, दोघं एकमेकांवर घसरले. माझ्या तोंडाशी शिवी आली होती.

हिनं चहाचे कप दोघांपुढे ठेवले. आवाज चढवला नाही.

‘माह्यासाठी बसले होते ना, भाऊ? मंग उठले काहून?’