कासियानोचं ‘कमी पडलं’

पॅसिफिकमधल्या आमच्या पोनपे बेटावर ‘कमी पडलं’ हे माणसानं फक्त स्वतःबद्दल म्हणायचं असतं. दुसऱ्याबद्दल म्हटलं तर ती शिवी. आणि स्वतःबद्दल ते कासियानोइतक्या तोऱ्यात म्हणणारा मी दुसरा पाहिला नाही. दरवर्षी सणाला सहा जणांनी खांद्यावर आणलेलं कोनफळ, म्हणजे जमिनीतला भलामोठा कंद, बेटाच्या राजापुढे ठेवायचं, मान खाली घालायची आणि म्हणायचं, “माफी असावी, कमी पडलं.” मग सगळा मांडव म्हणणार, “छे, कुठं कमी?” म्हातारा आतल्या आत फुगायचा. मी त्याचा शेजारी, मला ते दिसायचं आणि रागही यायचा.

यंदा त्याला राजाकडून मोठी मानाची पदवी हवी होती. आमच्याकडे ती कोनफळाच्या जोरावर मिळते. चार वर्षं त्यानं रानात एक वेल लपवून वाढवला होता. दुसऱ्याच्या वेलाकडे बघणं असभ्यपणाचं, त्यामुळे कोणी बघत नाही. पण पायवाट पडेल नि लोकांना कळेल म्हणून हा शहाणा स्वतःही तिकडे फिरकेना. सणाच्या आदल्या दिवशी खणलं, तर खड्ड्यात पाणी मुरून सगळं सडलेलं. धड निघालं ते वीतभर.

“मी येत नाही उद्या,” तो म्हणाला.

“मग लोक तब्येत विचारायला येतील,” त्याची बायको लिना म्हणाली. “काय सांगू त्यांना? चला गुपचूप.”

दुसऱ्या दिवशी मांडवात आधी एत्सोनचं कोनफळ आलं, आठ जणांच्या खांद्यावर. एत्सोन म्हणजे कासियानोचा जुना प्रतिस्पर्धी. त्यानं रीतीप्रमाणे माफी मागितली. मागोमाग कासियानो आला, त्या वीतभर तुकड्याची केळीच्या पानातली पुडी एका हातात घेऊन. ती ठेवली आणि नुसता उभा राहिला. पंचवीस वर्षं तोंडपाठ असलेलं वाक्य त्याच्या तोंडून फुटेना.

“कमी...” आवाज चिरकला. “कमी पडलं.”

कोणी हसलं नाही. सगळ्यांत आधी एत्सोनच बोलला, “छे, कुठं कमी?” मग सगळा मांडव तेच म्हणाला, दरवर्षीच्याच सुरात. मीही म्हटलं. मला त्या क्षणी तो म्हातारा फार आवडला.

पदवी एत्सोनला मिळाली.

“खोटं बोलले सगळे,” घरी परतताना कासियानो म्हणाला.

लिनानं चालणं थांबवलं नाही. “तुम्ही पंचवीस वर्षं खोटंच ‘कमी पडलं’ म्हणत आलात, तेव्हा त्यांनी कधी तुम्हाला खोटं म्हटलं?”