अॅम्ब्युलन्सचा बिल्ला

ऐंशी सालाच्या आसपास आमच्या वसईच्या चर्चच्या दवाखान्याला पहिली अॅम्ब्युलन्स मिळाली आणि माझे पाय जमिनीवर राहिले नाहीत. भाजीचा ट्रक मी बारा वर्षं चालवत होतो. बाजारात माझ्याआधी कुणी पोचला तर मला जेवण जात नसे. आता ही पांढरीशुभ्र गाडी मलाच हवी होती! पण माझं लायसन्स माल वाहायचं. माणसं न्यायची तर आरटीओचा बिल्ला लागणार. फादर म्हणाले, "महिन्याभरात बिल्ला आण, नाहीतर मुंबईचा ड्रायव्हर ठेवावा लागेल."

परीक्षा घ्यायला आलेले साहेब विक्षिप्त. पुढे बसलेच नाहीत, सरळ मागे स्ट्रेचरवर आडवे झाले. "मी पेशंट. कामण गावापर्यंत ने आणि परत आण." मी घंटा बडवत गाडी अशी सोडली की रस्त्यावरच्या कोंबड्या कुंपणावर चढल्या! परत आल्यावर साहेब कंबर धरून उतरले. "चढताना मी धडधाकट होतो," म्हणाले. नापास. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, दुसरं काय! पंधरा दिवसांनी पुन्हा यायला सांगितलं.

घरी येऊन मी साहेबांवर भरपूर तोंडसुख घेतलं. बायको हसली. "पेशंटला काय होतं ते तुम्हाला काय ठाव? एकदा निजून बघा, मंग बोला."

राग आला, पण गाडीतल्या स्ट्रेचरवर निजलो. ट्रकवरच्या जोडीदाराने गाडी हाकली, अगदी माझ्यासारखी. पहिल्या खड्ड्यात डोकं आपटलं, दुसऱ्यात जीभ चावली. मिठागरापाशी मी ओरडून गाडी थांबवली. भयंकर लाज वाटली. वांग्यांनी बारा वर्षांत कधी तक्रार केली नव्हती ना!

दुसऱ्या परीक्षेला मी प्रत्येक खड्ड्याला गियर पाडून गाडी हळू घेतली. एका बैलगाडीला पुढे जाऊ दिलं, तेव्हा माझा जीव वरखाली होत होता. मागे आवाज नाही, हूं की चूं नाही. साहेबांना काही झालं तर नाही?

चर्चसमोर थांबून घाबरतच मागचं दार उघडलं. साहेब तोंड उघडं टाकून घोरत होते!

"झालास पास?" फादर धावत आले. सगळी आळी त्यांच्यामागे. मी ओठांवर बोट ठेवलं. परीक्षेचा कागद साहेबांच्या खिशात, त्यावर सही व्हायची होती, आणि मला तर आरोळी ठोकून नाचावंसं वाटत होतं. फादर आत डोकावले आणि माझ्या कानाशी हळूच म्हणाले, "मुंबईच्या ड्रायव्हरला नको म्हणून कळवतो."