रईसा आपाचे हात

निशातगंजच्या बाजारात रईसा आपा चाळीस वर्षं बांगड्या भरतात. हात दुखला म्हणत आपल्या दुकानातून एकही बाई उठली नाही, एवढाच त्यांचा तोरा. सरोज लग्न होऊन सांगलीहून लखनौला आली, तेव्हापासून तिची मनगटं त्यांच्या ओळखीची.

यंदा सरोजच्या मूत्रपिंडात जंतू शिरले, ताप डोक्यात चढला आणि ती दवाखान्यात पडली. जंतूंशी झुंजताना रक्त गोठवणारं सगळं सामान अंगानं खर्चून टाकलंय, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. सुई टोचली तिथनं रक्त पाझरत राहायचं. त्यात डावा हात सुजला आणि त्यातल्या काचेच्या सहा बांगड्या मनगटात रुतायला लागल्या. कापताना काच लागली तर रक्त थांबवायचं कसं? तिच्या नवऱ्यानं, बँकेतल्या विष्णूनं, स्कूटर काढली आणि आपांनाच घेऊन आला.

सरोजला सगळं तळ्याच्या पाण्याखालून दिसत होतं. छत हळूच खाली यायचं, परत वर जायचं. आपांनी तिचा हात दोन उशांवर उंच ठेवला आणि नुसत्या बसून राहिल्या.

"आपा, शुरू तो कीजिए," विष्णू म्हणाला.

"सूजन तो उतरने दीजिए, भैया. बैंक आपके बिना बंद नहीं होगा."

आपण हसलो, असं सरोजला वाटलं.

मग पंज्यावर पातळ पॉलिथिनची पिशवी चढली, तिच्यावर खोबरेल. आपा हाड दाबत नव्हत्या; सरोजचा श्वास सुटेल तशी बोटं जुळवत होत्या. पहिली बांगडी निघाली आणि सरोज तळ्याची एक पायरी वर आली. मग दुसरी. तिसरी. सगळीकडे हिरवं, मऊ.

"किती राहिल्या?"

"एक," विष्णू म्हणाला. "ती राहू दे का गं? मोकळा हात बघवंना मला."

"आणि मला रुततीय, त्याचं काय?"

आपांना मराठी येत नव्हती, पण विष्णूचं तोंड दिसत होतं. "बेटी, मियाँ को बाहर भेजूँ?"

"रहने दीजिए. इनको ख़ाली हाथ देखने की आदत नहीं है."

शेवटची अंगठ्याच्या मुळाशी अडली. आपांनी ती मागं सारली, हात पुन्हा उंच ठेवला. उन्हाचा पट्टा भिंतीवरून कॉटपर्यंत आला, तेव्हा कुठं ती सुटली.

आपांनी पिशवी उतरवली, चष्मा लावून बोट न् बोट पाहिलं. ओरखडा नव्हता. मग तेल पुसलं. दोन्ही पंजे मांडीत दाबून त्या बसल्या. विष्णूनं पुढं केलेला चहाचा कप त्यांना धरवेना.