कौसल्याबाई आणि संपातली माझी दोन दिवसांची ड्युटी

त्या संपात मी फुटलो होतो.

दोन दिवस. आमच्या वस्तीत हे फक्त कौसल्याबाईला माहीत होतं, आणि काल दुपारी ती गेली.

नवीन लोकांसाठी सांगतो. चंद्रपूरच्या बाहेर एका कारखान्यात आम्ही ठेका कामगार होतो. कोळशाच्या बेल्टवर काम. पर्मनंट करा म्हणून संपावर बसलो.

संपाच्या फोटोत आम्ही गडीमाणसंच दिसतो, मुठी वर करून. संप चालवला बायकांनी.

शिफ्ट बदलायच्या टायमाला त्या लेकरं घेऊन मेन गेटसमोर बसायच्या. बसमध्ये ओळखीचा दिसला की नाव घेऊन खाली उतरवायच्या.

कौसल्याबाई, आमच्यातल्याच एका ठेका कामगाराची बायको, चौघीजणींना घेऊन पोंभुर्ण्याकडच्या गावांत जायची, घरोघरी तांदूळ मागायची. पोती एसटीनं आणायची. सगळ्या वस्तीचा भात एकाच चुलीवर शिजायचा.

तोंडाची फटकळ. माझ्या वरातीत माझ्या नाचावरून तिनं जे ऐकवलं, ते इथं लिहीत नाही.

तर, सुपरवायझरनं मला गाठलं. आत ये, पर्मनंटच्या यादीत पहिलं नाव तुझं. बायको बाळंतपणाला माहेरी, घरात विचारणारं कोणी नाही. ठेकेदाराच्या जीपमधून मागच्या गेटनं गेलो.

तिसऱ्या दिवशी पंगतीत बाई वाढत होती. इतके दिवस काम बंद, सगळ्यांची नखं पांढरी झालेली. माझी काळीकुट्ट.

तिनं माझ्या हाताकडं पाहिलं, मग तोंडाकडं. वाढलं आणि पुढं गेली.

जेवणं झाल्यावर तिनं मला चुलीपाशी बोलावलं, भाताचे काळे गंज, मोठाली पातेली, घासायला दिले. मग हळूच म्हणाली,

"आमच्या वस्तीतला एकबी फुटला नाई, असं सांगून मी तांदूळ आणून राह्यली. मले खोटी पाडू नको. उद्यापासून इथीच बसजो."

बसलो. संप मिटेपर्यंत लाकडं फोडली, गंज घासले. माझे काळे हात पाहून लोक म्हणायचे, पोरगा लय राबते बा.

लाज वाटायची.

संप मिटला. अर्धे पर्मनंट झाले. मी झालो. बाईचा नवरा नाही झाला. बायको गेटवर बसते, हे वर कळलं होतं म्हणे. तो शेवटपर्यंत ठेक्यावरच राहिला.

मी तिच्या घरी गेलो. सगळ्यांना सांगून टाकतो म्हणालो. ती तूर पाखडत होती.

"तुले हलकं वाटन. त्या गावच्या बायांले काय वाटन? मी जिती आहो तवर तोंड उघडू नको."

नाही उघडलं. खरं सांगायचं तर मलाही तेच सोयीचं होतं. पर्मनंट म्हणून रिटायर झालो, सत्कारबित्कार झाला.

काल संध्याकाळी खांदा द्यायच्या वेळी तिच्या पोरीनं, सुजातानं, मला पुढं बोलावलं. म्हणाली, काका, संपात आईसोबत चुलीवर तुम्हीच राबले, पहिला खांदा तुमचा.

मी गुडघा दुखतो म्हणालो आणि मागं सरकलो.

सुजाता, माझ्या गुडघ्याला काही झालेलं नाही.

कौसल्याबाई, जय भीम.