भौतिकशास्त्राचं स्थळ

अख्ख्या बुलढाणा जिल्ह्यात माझ्या मामाइतका संशयी माणूस झाला नाही आणि होणारही नाही. बीटी कपाशी आल्यापासून तर विचारूच नका. बियाण्याच्या पाकिटावर पेल्याएवढं बोंड छापलेलं पाहून त्यानं सगळं वावर पेरलं, आणि बोंडं आली बोराएवढी. तेव्हापासून छापील गोष्टींवरून त्याचं मनच उडालं. लग्नपत्रिका आली की लग्न खरंच आहे का, हे तो नवरदेवाच्या गावी जाऊन विचारून यायचा.

अशात मी भौतिकशास्त्र शिकायला शहरातल्या विद्यापीठात अर्ज करायचं काढलं. मला दुसरं काही शिकायचंच नव्हतं. बाबांनी नेहमीप्रमाणे निर्णय मामावर सोपवला. माहितीपुस्तिकेवर दुर्बिणीपाशी हसणारी मुलगी होती. मामानं पुस्तिका पालथी ठेवली.

“भाऊजी, पाकिटावरचं बोंडही असंच हासत होतं. स्थळ पाह्यल्याशिवाय पोरगी द्याची नाही.”

मग आमच्या धामणगाव बढ्याची चार माणसं टोप्या घालून, नांदुऱ्याला गाडीत बसून स्थळ पाहायला निघाली. मागे मी, हातात अर्ज. दुसऱ्या दिवशी मुदत संपत होती. विभागात मामानं आधी नळ सोडून पाहिले, भिंतींवर थापा मारल्या आणि विभागप्रमुख बाईंना विचारलं, “तुमच्या घरात याच्याआधी कोनाकोनाच्या पोरी नांदल्या?”

आता या बाई आम्हाला हाकलणार आणि माझं शिक्षण इथेच संपणार, याची मला खात्री पटली. बाईंनी शांतपणे चष्मा काढला. “पुष्कळ नांदल्या. एक मात्र परत गेली, तिला गणित झेपलं नाही.”

मामाचा चेहरा खुलला. “परत गेलेली सांगतली, म्हंजे बाई खऱ्या हायेत. पाकिटवाला कधी सांगते का?”

अर्ज खण-नारळासकट बाईंच्या हाती गेला. त्यांनी चहा मागवला, तर मामानं हात जोडले. “लेकीच्या घरचं पानीही पेत नसतो जी. पह्यले तिले लेकरू होऊ द्या.”

पुढे मला भेटायला आला की तो घरून आणलेलं पाणी फाटकाबाहेर उभा राहून प्यायचा. शिकता शिकता मी तिथेच शिकवू लागले. माझ्या पहिल्या विद्यार्थिनीला डॉक्टरेट मिळाली, तोवर मामाच्या गुडघ्यांनी प्रवास सोडला होता. मी विभागातल्या नळाचं पाणी बाटलीत भरून गावी नेलं.

“मामा, लेकरू झालं.”

त्यानं बाटली उजेडात धरून निरखली. एक घोट घेतला. मला उगाच रडू येत होतं.

“पानी जड हाय,” तो म्हणाला. “पन घरानं चांगलं भेटलं तुले.”

आणि बाटली रिकामी होईपर्यंत त्यानं ती खाली ठेवली नाही.